प्रणाल आणि गाभाऱ्याची पातळी : अंबरनाथच्या निमित्ताने

मंदिराच्या भिंतीतून पुढे आलेले मकरमुख पाहून ती पावसाच्या पाण्याची पन्हळ असावी, असा समज पुष्कळदा होतो. युरोपातील गॉथिक प्रार्थनामंदिरांवरील विक्राळ मुखे छपरावरचे पाणी भिंतीपासून दूर फेकीत. आपल्याकडील प्रणालाचे मुख्य काम निराळे. त्यातून गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी वाहते. पावसाची काळजी शिखराचा उतार व छज्जा यांनी घ्यावयाची असते. मंदिर पूर्वाभिमुख वा पश्चिमाभिमुख असल्यास प्रणाल उत्तरेस असावा, असा शिल्पशास्त्राचा संकेत आहे. शिवालयात हे सोमसूत्र ओलांडावयाचे नसल्यामुळे भाविक तेथूनच मागे फिरतो. हत्तीची सोंड व मगरीचा जबडा यांच्या मिश्रणातून घडलेला मकर हा गंगा व वरुण यांचे वाहन. जलमुखासाठी त्याची निवड साहजिकच होय. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात अशी मकरमुखे पाहावयास मिळतात.

पूर्वीच्या कल्याण तालुक्यातील अंबरनाथचे शिवालय येथे विशेष विचारात घ्यावे लागते. त्यातील शिलालेख शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी हा शक ७८२ असा वाचला होता. पुढे तो दुरुस्त झाला. एका अंकाने दोन शतकांचे अंतर पडले होते! मंदिर पश्चिमाभिमुख असून मंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे लागते. पाणी चढावर जात नाही, हे सांगण्यास शास्त्रग्रंथ नको. बाहेरच्या भिंतीवरील मुख कितीही कोरीव असले, तरी ते जमिनीखालच्या तळाचे पाणी बाहेर काढू शकणार नाही. असे पाणी भूमिगत नाळेने अधिक सखल जागी न्यावे लागते, नाही तर उपसावे लागते. म्हणूनच प्रणालाची उंची ही मूळच्या तळाची साक्ष ठरते. मूर्तींचे वर्णन करताना अभ्यासक सहसा एवढ्या खाली वाकून पाहत नाहीत.

अशा मंदिराचा आराखडा काढताना जोते, मंडपाची फरशी, गाभाऱ्याचा तळ व जवळच्या प्रवाहाचा काठ या चारही पातळ्या एकाच बिंदूपासून मोजणे अवश्य आहे. जुने छिद्र सिमेंटने बुजवून तीर्थ नळाने वळविले की, हे मोजमाप कायमचे अशक्य होते.