ऋद्धिपूरचा हत्ती

गोष्ट ऐकणें म्हटलें कीं मुलांची करमणूक डोळ्यांपुढें येते. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें ज्या गोष्टी जतन झाल्या, त्या मात्र जाणत्या माणसांना डिवचण्यासाठीं सांगितलेल्या होत्या. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामी निरूपण करतांना मध्येंच एखादा लहानसा दृष्टांत सांगत. गांवांत हत्ती येतो. जन्मांध त्याला चांचपतात. पाय धरणारा म्हणतो, हत्ती खांबासारखा. कान धरणारा म्हणतो, सुपासारखा. कथा चार वाक्यांची; पण बोट रोखलेलें असे तें ईश्वराचें एक अंग धरून सर्व ज्ञान झालें असें मानणाऱ्या श्रोत्याकडे. पोथीपंडितांना हें कसें मानवावें?

स्वामींच्या मागें नागदेवाचार्यादि शिष्य ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिले. म्हाइंभटांनीं साक्षीदारांना गांठून सुमारें १२७८ मध्यें लीळाचरित्र सिद्ध केलें. केसोबासांनीं स्वामींचे दृष्टांत वेंचले. केसोबास संस्कृताचे पंडित, त्यांना त्याच भाषेंत लिहिण्याची हौस. नागदेवाचार्यांनीं ती मोडली. कारण पंथांतल्या म्हाताऱ्या बाया मग त्या ज्ञानाला मुकल्या असत्या! मराठी गद्याच्या इतिहासांत याहून मोठा निर्णय सांपडणें कठीण.

पुढें याच पंथानें, ग्रंथ परक्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून, ते सांकेतिक लिप्यांत दडविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाड्यांनीं सकळ लिपी उलगडली. १९३० नंतर नागपूरच्या ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापिलें. शेंकडों वर्षें मठांत राहिलेला तो हत्ती तेव्हां कुठें अमरावती-अकोल्याच्या शहरी घरांत शिरला.