किल्लारी भूकंपानंतरचे मानसिक पुनर्वसन

किल्लारी भूकंपानंतरचे मानसिक पुनर्वसन म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपातून वाचलेल्यांना शोक व भीतीतून सावरण्यासाठी झालेले प्रयत्न होत. यांतील बरेच प्रयत्न भूकंपग्रस्तांनी स्वतःच केले.

पार्श्वभूमी

गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. उन्हाळ्यात गारवा देणारे घरच जीवघेणे ठरल्यामुळे कित्येकांना पुढे छपराखाली झोपण्याचीच धास्ती वाटे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने येथील भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता.

नवी गावे

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. भूधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भक्कम होती, रस्ते रुंद होते. मात्र जुन्या गावातील लगतच्या भिंती, ओटे आणि पार नव्या आखणीत हरवले. शोकाकुल घरात शेजारणीची सहज ये-जा हाच मोठा आधार असतो. तो आधार या आखणीमुळे विरळ झाला.

मुले व स्त्रिया

भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. या कामातूनच वाघोलीचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. स्थलांतर न झालेल्या गावांत घरमालकांनी सरकारी अर्थसाहाय्य घेऊन आपापली घरे दुरुस्त व मजबूत करायची होती. त्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. एरवी चारचौघांत न बोलणाऱ्या या स्त्रिया घरोघरी जाऊन भूकंपरोधक बांधकाम समजावू लागल्या, तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ लागल्या. औषधोपचारांइतकेच हे कामही सावरण्यास उपयोगी पडले, असे म्हणता येते. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर मराठवाड्यातील अशा काही स्त्रिया तेथील भूकंपग्रस्त स्त्रियांना भेटून धीर देण्यासाठी गुजरातेत गेल्या.