मोगरा, हिवाळी जपणूक (स्टॅनमोर)

मोगरा, हिवाळी जपणूक (स्टॅनमोर) : उष्ण प्रदेशातील सुगंधी फुलझाडे वायव्य लंडनमधील स्टॅनमोर व त्याच्या आसपासच्या वस्तीत सप्टेंबरअखेरपासून मेअखेरपर्यंत घरात ठेवून जगवण्याची रीत. मोगरा, अनंत, चाफा, रातराणी व निशिगंध ही त्यांपैकी नेहमीची झाडे. घरोघरी सर्वाधिक जीव मोगऱ्यावर असतो आणि हिवाळ्यात सर्वाधिक मरतोही तोच, म्हणून नोंदीचा मोठा भाग त्याच्यावर आहे.

स्टॅनमोर हे हॅरो बरोच्या उत्तर टोकाचे उपनगर, अक्षांश सुमारे ५१.६ उत्तर. रेल्वेची शाखा १९३२ साली येथवर आली आणि १९७९ पासून स्टॅनमोर हे ज्युबिली मार्गाचे शेवटचे स्थानक आहे. भारतीय वंशाच्या कुटुंबांची या भागात मोठी वस्ती आहे. त्यात गुजराती अधिक, मराठी घरेही आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ, स्थापना १९३२, याच मार्गावरील डॉलिस हिल भागात आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेली येथील जोडघरे पुढच्या बाजूला गोलसर बाहेर आलेल्या खिडकीसाठी ओळखली जातात. अनेकांनी मागे काचेची खोलीही जोडून घेतली आहे. कुंड्यांचा हिवाळा या दोन जागांपैकी एकीत जातो.

महाराष्ट्रात मोगऱ्याचा बहर मार्च ते जूनचा. गुढीपाडव्याला मोगऱ्याचे गजरे बाजारात भरपूर असतात, तेव्हा स्टॅनमोरमधला मोगरा नुकता पालवी फोडत असतो. येथे त्याचा बहर जून ते सप्टेंबर. गणपतीला घरची फुले मिळतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळत नाहीत. थंडीतही फूल यावे या हट्टापायी झाडाला ऊब, पाणी आणि खत दिले जाते. या नोंदीचे मुख्य म्हणणे असे, की हिवाळ्यात मोगरा जगवायचा असतो, फुलवायचा नसतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-विक्रमगडचे शेतकरी मुंबईच्या फूलबाजारासाठी मोगरा पिकवतात. बहर धरण्यापूर्वी मोगऱ्याला पाण्याचा ताण देऊन मग छाटणी करायची, ही शेतीतली जुनी पद्धत. झाडाला विश्रांती लागते हे त्यांना पक्के ठाऊक असते. परदेशी खिडकीत वाढलेल्या मोगऱ्यालाही तीच लागते, फक्त जास्त लांब.

खरी अडचण थंडीपेक्षा उजेडाची आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो. पुण्यात तो सुमारे ११ तासांचा असतो. त्या दिवसांत स्टॅनमोरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, पुण्यात ४८ अंश. तिरपे ऊन, त्यावर ढग, त्यावर दुहेरी काच, एवढे सोसून उरलेला उजेड पानांपर्यंत पोहोचतो. झाडाचा श्वास मात्र तापमानाबरोबर वाढतो. खोली २२ अंशांवर ठेवली तर झाड उजेडातून जेवढे कमावते त्याहून अधिक खर्च करते. मग जुनी पाने पिवळी पडून गळतात, नव्या फांद्या लांबट, फिक्या आणि दुबळ्या निघतात. म्हणून मोगरा घरातल्या सर्वांत उबदार खोलीत ठेवणे चूक. दक्षिणेची खिडकी, दिवसा १५ ते १८ अंश आणि रात्री १० ते १५ अंश असणारी कमी वापरातली खोली उत्तम. हीटरच्या वर लाकडी फळी टाकून कुंडी ठेवण्याची जागा खिडकीजवळ असली तरी घातकच, कारण तेथे खाली गरम, वर कोरडे आणि काचेकडे गार असे तिन्ही एकदम होते. रात्री पडदा ओढला की कुंडी पडदा आणि काच यांमध्ये अडकू नये. काचेला टेकलेली पाने कडाक्याच्या रात्रीनंतर काळपट पडलेली दिसतात.

दिव्याचा खर्च लोक उगाच मोठा समजतात. २० वॅटचा पांढरा एलईडी दिवा १२ तास लावला तरी पाव युनिटहून कमी वीज जाते. तो शेंड्यापासून वीतभर अंतरावर असावा, छताला टांगलेला असून उपयोग नाही.

पाणी हे दुसरे संकट. अंधारात निजलेले झाड पाणी पीत नाही. माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत म्हणून पाने मलूल होतात. मलूल झाड पाहून माणूस आणखी पाणी घालतो. मोगरे बहुधा असे मरतात. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच, आणि घरात ठेवून कोमट झालेले पाणी द्यावे. बशीत साचलेले ओतून टाकावे. मातीवर बारीक चिलटे घोंगावू लागली तर पाणी जास्त होते आहे असे खुशाल समजावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी खत बंद.

लंडनचे नळाचे पाणी जड असते, किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्यातल्या चुन्याचा. अनंताला हा चुना अजिबात चालत नाही. मातीचा आम्लपणा कमी झाला की त्याला लोह घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच घालणे हा खरा उपाय. कुंडीतही आम्लप्रिय झाडांची माती, दुकानात एरिकेशस कंपोस्ट म्हणून मिळते ती, भरावी. अनंताचा दुसरा स्वभाव असा, की कळी धरल्यावर त्याला जागा बदललेली, कुंडी फिरवलेली, गार वाऱ्याचा झोत लागलेला सहन होत नाही; कळ्या न उमलता गळतात. मोगऱ्यापेक्षा त्याला रात्रीची ऊबही थोडी अधिक, १५ अंशांच्या वर लागते. हे झाड लंडनमध्ये १८व्या शतकाच्या मध्यापासून आहे. वुडफर्डच्या रिचर्ड वॉर्नर यांच्या बागेत ते दक्षिण आफ्रिकेतील केपहून आले आणि माइल एंडचे रोपवाटिकादार जेम्स गॉर्डन यांनी त्याची कलमे करून विकली. वॉर्नर यांच्याकडेही ते काचेखालीच वाढे.

मोगऱ्याचा यूरोपातील काचघराशी संबंध याहून जुना आहे आणि तो गोव्यातून जातो. १७व्या शतकाच्या अखेरीस टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने गोव्याहून दुहेरी मोगरा मागवला आणि फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील बागेत त्यासाठी उबदार घर बांधले. आज ब्रिटनमध्ये भरगच्च पाकळ्यांचा मोगरा ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ या नावाने विकला जातो. तो आपल्या बटमोगऱ्यासारखा, दिसायला राजस, पण वाढीला मंद आणि हिवाळ्यात फार नाजूक. पहिल्यांदा झाड घेणाऱ्याने एकेरी-अर्धदुहेरी फुलांचा ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’ घ्यावा. तो खिडकीत टिकतो. डिसेंबर-जानेवारीत दुकानांत तारेच्या कमानीवर चढवलेली, गुलाबी कळ्यांची वेल जॅस्मिन म्हणून मिळते ती मोगरा नव्हे. तिला मोगऱ्याहून गार खोली लागते. भिंतीवर बाराही महिने बाहेर राहणारी स्टार जॅस्मिन तर जाई-मोगऱ्याच्या कुळातलीच नाही, मात्र तिचा वास चांगला आहे.

बाकीच्यांचे थोडक्यात. चाफा पाने गाळून उघडा होतो. त्याला १० अंशांच्या वर कोरड्यात ठेवावे, पालवी येईपर्यंत पाणी जवळजवळ देऊच नये. निशिगंधाचे कंद पाने वाळल्यावर काढून कोरड्या जागी ठेवतात. रातराणी छाटून गार, पण गोठणार नाही अशा जागी ठेवली तरी पुरे. तिची फळे विषारी आहेत, लहान मुलांपासून जपावे. सोनचाफा तापवलेल्या काचघराशिवाय लावू नये, खिडकीत त्याचे हाल होतात.

हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी हमखास येतो. पानावर बारीक फिके ठिपके दिसले की पान पांढऱ्या कागदावर झटकावे. ठिपक्यांपैकी काही चालू लागले आणि बोटाने दाबल्यावर तांबूस रेघ उमटली तर कोळीच. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू कोमट पाण्याने धुवावी, आठवड्याने पुन्हा धुवावी. पेरांत कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा. कुंडी सप्टेंबरात आत आणतानाच पानांच्या खाली आणि मातीत नीट पाहिले तर पुढचे बरेच त्रास वाचतात.

फेब्रुवारीत मोगरा काटकीसारखा उभा असतो आणि अनेक जण तो टाकून देतात. त्याआधी नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. मार्चमध्ये दिवस बारा तासांचा झाला की फांद्या एकतृतीयांश छाटाव्यात, कारण फूल नव्या फुटीवर येते. नंतर पाणी वाढवावे आणि पालवी दिसल्यावर खत सुरू करावे. बाहेर नेण्याची घाई नको. लंडनच्या उत्तरेकडे मेच्या सुरुवातीलाही एखादी रात्र गोठणारी निघते. मेअखेर दिवसा बाहेर, रात्री आत असे आठवडाभर करून मगच झाड अंगणात ठेवावे.

सुट्टीत भारतातून रोप सामानात घालून आणता येत नाही. ब्रिटनमध्ये प्रवेशासाठी त्यासोबत भारत सरकारचे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागते. त्यामुळे हातात असलेले झाड राखणे हेच श्रेयस्कर. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धवट जून झालेल्या फांद्यांची चार बोटे लांबीची दोन-तीन कलमे लावावीत आणि त्यातले एक शेजारच्या किंवा ओळखीच्या घरी द्यावे. आपला मोगरा एखाद्या हिवाळ्यात गेला, तर त्याच झाडाचे कलम परत मागता येते.