‘षष्ठ स्वर्गाचा मारराज’ : ओदा नोबुनागाच्या खलप्रतिमेचा उगम

जपानमधील कॅपकॉम ह्या कंपनीने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओनिमुशा’ नावाच्या व्हिडिओ गेमचा प्रारंभ ओकेहाझामाच्या लढाईने होतो. ही लढाई ऐतिहासिक आहे. १५६० साली ओवारी प्रांताचा तरुण सरदार ओदा नोबुनागा याने आपल्याहून कितीतरी पटींनी मोठे सैन्य घेऊन आलेल्या इमागावा योशिमोतोवर अचानक छापा घालून त्यास ठार केले आणि तेथून त्याच्या उत्कर्षास आरंभ झाला. खेळात मात्र विजयाच्या क्षणीच एक बाण नोबुनागाच्या कंठात रुततो व तो मरतो. पुढे गेन्मा नावाचे राक्षस त्यास पुन्हा उठवितात, आणि ह्यानंतर जो नोबुनागा वावरतो तो मनुष्य नव्हे. मालिकेच्या २००२ आणि २००४ सालच्या भागांतही त्याचे हेच आसुरी रूप कायम आहे. त्याच कंपनीच्या ‘सेन्गोकु बासारा’ (२००५) ह्या दुसऱ्या खेळात तर ‘मारराज’ हीच त्याची ओळख होऊन बसली आहे.

खेळांच्या दुनियेत त्याचे हे एकच रूप आहे असे नाही. कोएइ कंपनीच्या ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ (१९८३) ह्या खेळात खेळणारा स्वतःच नोबुनागाच्या भूमिकेत शिरून प्रांत जिंकीत जातो. तेथे तो नायक आहे. परंतु लोकांच्या मनावर पकड बसली ती राक्षसाची. ह्या राक्षसाची वंशावळ शोधू लागल्यास ती खेळ रचणाऱ्यांच्या कल्पनेपाशी थांबत नाही. ती सोळाव्या शतकातील एका पत्रापाशी जाते, आणि त्या पत्राच्या लेखकाची जडणघडण गोव्यात झालेली होती.

लुईश फ्रोइश हा मूळचा लिस्बनचा. १५४८ साली तो येशूसंघात दाखल झाला व त्याच वर्षी गोव्यास पोहोचला. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात त्याचे अध्ययन झाले. संघाचा पत्रव्यवहार लिहून काढण्याचे काम त्याने तेथे केले आणि १५६१ साली त्यास पौरोहित्याची दीक्षा मिळाली ती गोव्यातच. १५६३ साली तो जपानला गेला आणि मधला काही काळ मकाव येथे काढलेला सोडल्यास १५९७ साली नागासाकी येथे मरण पावेपर्यंत जपानातच राहिला. लेखनाचा त्याचा हात सढळ होता. त्या काळच्या जपानविषयी कोणाही परकीयाने इतके विपुल व इतके सूक्ष्म लिहिलेले नाही. मात्र ह्या लेखनामागे गोव्यात मुरलेली एक दृष्टी होती, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. मूर्ती, मठ आणि भिक्षू ही त्याच्या लेखी सैतानाची ठाणी होती. ती जो मोडील तो त्यास ईश्वराचे हत्यार वाटणार, हे ओघानेच आले.

१५७३ सालच्या एप्रिल महिन्यातील पत्रात फ्रोइशने एक प्रसंग कळविला आहे. काई प्रांताचा बलाढ्य सरदार ताकेदा शिंगेन याने नोबुनागावर चालून जाताना त्यास पत्र धाडले आणि सही करताना स्वतःस तेंदाइ पंथाचा मठाधिपती म्हणविले. दोन वर्षांपूर्वी नोबुनागाने तेंदाइ पंथाचे आद्य पीठ जाळले होते. त्याचा कैवारी म्हणून आपण येत आहो, असा ह्या सहीचा रोख होता. नोबुनागाने उत्तर पाठविले व त्याखाली सही केली : षष्ठ स्वर्गाचा मारराज.

ही पदवी भारतीय वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. कामधातूतील सहा देवलोकांपैकी सर्वांत वरचा तो परनिर्मितवशवर्ती, म्हणजे दुसऱ्यांनी निर्मिलेले जेथे आपल्या भोगास येते असा लोक. त्याचा स्वामी मार, बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थावर सैन्य घेऊन चालून आलेला. अश्वघोषाने ‘बुद्धचरिता’च्या तेराव्या सर्गात जगाचा कामदेव आणि मोक्षाचा वैरी मार हे एकच असल्याचे सांगितले आहे. मार नरकातला नव्हे, स्वर्गातला आहे. तो पाप्यांना छळीत नाही, साधकांना अडवितो. मध्ययुगीन जपानात तर सूर्यदेवता आमातेरासूने ह्या मारराजाशी करार करून जपानची भूमी राखली, अशीही एक कथा प्रचलित होती.

हा अर्थ ध्यानी घेतला म्हणजे नोबुनागाच्या सहीतील सूर वेगळा ऐकू येतो. शिंगेनने धर्मरक्षकाचा वेष घेतला, तेव्हा त्याच परिभाषेत धर्मविघ्नाचा वेष घेऊन नोबुनागाने त्यास टोला दिला. ही थट्टा आहे, बेदरकार आणि थोडी रक्ताळलेली, पण थट्टाच. तो स्वतःस खरोखर मार समजत होता असे यावरून सिद्ध होत नाही. शिवाय दोन्ही मूळ पत्रे आज उपलब्ध नाहीत. सारा आधार फ्रोइशच्या एका पत्राचा, आणि फ्रोइशला ही गोष्ट सांगताना आनंद होत असला पाहिजे हे उघड आहे. एवढ्या बारीक धाग्यावर चार शतकांनंतर राक्षसांची एक अख्खी फौज उभी राहिली.

अर्थात, सही थट्टेची होती म्हणून कृत्ये थट्टेची ठरत नाहीत. हिएइ पर्वतावरील एन्र्याकुजी हे सन ७८८ मध्ये साइचोने स्थापिलेले पीठ, क्योतोच्या डोक्यावर बसलेले, जहागिरी आणि सशस्त्र भिक्षू बाळगणारे. १५७० साली त्याने नोबुनागाच्या शत्रूंना, आसाइ व आसाकुरा यांच्या सैन्यांना, आश्रय दिला. नोबुनागाने आधी निरोप धाडला : माझ्या बाजूस या, जप्त जमिनी परत देतो, ते जमत नसेल तर निदान तटस्थ राहा, दोन्ही नाकाराल तर पर्वत जाळीन. उत्तर आले नाही. १५७१ च्या सप्टेंबरमध्ये त्याने शब्द खरा केला. भिक्षू, स्त्रिया, मुले असा भेद न करता कापाकापी झाली. मृतांचे आकडे तीन-चार हजारांपर्यंत दिले जातात. पर्वतावरील उत्खननांत त्या काळच्या जळिताच्या खुणा अपेक्षेहून पुष्कळ कमी सापडल्या आहेत, तेव्हा नाशाचे प्रमाण समकालीनांनी फुगविले असणे संभवते. हेतूविषयी मात्र शंका उरत नाही.

१५७४ साली नागाशिमा येथे इक्को पंथीय बंडखोरांच्या शेवटच्या दोन किल्ल्यांभोवती कुंपणे घालून आतील माणसे जिवंत जाळण्यात आली. हा आकडा सुमारे वीस हजारांचा, आणि तो देणारा ग्रंथकार नोबुनागाचाच सेवक आहे. चार वर्षांपूर्वी ह्याच बंडखोरांमुळे नोबुनागाच्या एका धाकट्या भावाचा अंत झाला होता. वेढ्यात शरण येऊन बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा जिवावर उदार झालेल्यांनी उलट हल्ला करून त्याचे अनेक आप्त मारले. सूडाची ही साखळी पूर्णतः मानवी आहे. तिच्या स्पष्टीकरणास कोणत्याही गेन्माची गरज पडत नाही.

तो सेवक म्हणजे ओता ग्युइची. धनुर्धर म्हणून चाकरीस लागलेल्या ह्या माणसाने धन्याच्या मृत्यूनंतर लिहिलेला ‘शिन्चो-को-की’ हा नोबुनागाच्या चरित्राचा मुख्य साधनग्रंथ होय. त्यातील १५६८ पासूनच्या भागात एका वर्षास एक गुंडाळी अशी मांडणी आहे. १५७५ ची गुंडाळी ह्या दृष्टीने अवश्य वाचण्यासारखी. मिनो व ओमी यांच्या सीमेवर यामानाका नावाच्या गावी एक अपंग भिकारी रस्त्याच्या कडेला बसलेला असे. गावकरी त्यास ‘माकड’ म्हणत. त्याच्या पूर्वजांनी तेथे योशित्सुनेच्या आईचा, तोकिवाचा, खून केला, म्हणून वंशात व्यंग उतरले अशी त्यांची समजूत. जाता-येता नोबुनागाने त्यास पाहिले होते. त्या वर्षीच्या सहाव्या महिन्यात क्योतोस जाण्याच्या घाईत असताना तो तेथे थांबला, गावकऱ्यांना बोलावले, आणि स्वतःच्या हाताने सुती कापडाचे ताके काढून दिले. निम्म्यांतून ह्याला झोपडी बांधा, आणि दर पिकाला प्रत्येकाने थोडे थोडे धान्य देऊन ह्यास उपाशी मरू देऊ नका, असे सांगितले. बरोबरच्या लोकांचे डोळे पाणावले, असे ग्युइची लिहितो.

काही पाने उलटली की त्याच गुंडाळीत आठवा महिना येतो आणि एचिझेनची मोहीम सुरू होते. पकडलेले व मारलेले मिळून तीस ते चाळीस हजार असतील, असा ग्युइचीचा अंदाज. खुद्द नोबुनागाने क्योतोतील आपल्या अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात फुचू गाव प्रेतांनी असे भरले आहे की मोकळी जागाच नाही, असे कळविले, आणि हे तुला दाखवावयास हवे होते अशी पुस्तीही जोडली. दोन महिन्यांपूर्वी ताके वाटणारा हात हाच. ग्युइची ह्या दोन प्रसंगांचा मेळ घालीत नाही, घालण्याची त्यास गरजही वाटत नाही. इतिहासकार म्हणून त्याची योग्यता फ्रोइशहून अधिक भरते ती येथे.

फ्रोइशने मेळ घातला, पण माणसाचे दोन तुकडे करून. १५६९ च्या पत्रात त्याने रंगविलेला नोबुनागा उंच, सडपातळ, विरळ दाढीचा, मोठ्या आवाजाचा. मानी खरा, पण न्यायाकडे व दयेच्या कृत्यांकडे ओढा असलेला, आणि देवांची व बुद्धांची अवज्ञा करणारा. ही अवज्ञा त्या वेळी फ्रोइशच्या लेखी गुणच होता. क्योतोतील वाड्याच्या बांधकामावर एका शिपायाने चेष्टेने एका स्त्रीचा बुरखा वर केला, ते पाहून नोबुनागाने जागच्या जागी त्याचे मस्तक उडविले, हा प्रसंगही तो न्यायप्रियतेचे उदाहरण म्हणूनच सांगतो. १५८२ च्या जून महिन्यात आकेची मित्सुहिदेने होन्नोजी येथे घाला घातला व नोबुनागाचा अंत झाला. त्यानंतरच्या पत्रात तोच पुरुष गर्वाने आंधळा झालेला, आझुची येथे देव म्हणून स्वतःची पूजा करविणारा ठरतो. ह्या पूजेस समकालीन जपानी साधनांतून पुष्टी मिळत नाही. मिशनऱ्यांचा आश्रयदाता अकस्मात मारला जातो, तेव्हा ईश्वरी न्याय दिसावा म्हणून त्याचे उत्तरायुष्य काळे करणे भाग होते, असेच म्हणावे लागते.

‘ओनिमुशा’च्या रचनाकारांनी हीच युक्ती अधिक धीटपणे केली. त्यांनी छेद घेतला तो १५६० वर. हिएइ, नागाशिमा, एचिझेन ही सारी त्या सालानंतरची. खेळाचा मानवी नोबुनागा ह्यांपैकी कशासही जबाबदार नाही, कारण तो तेव्हा मेलेला आहे. पुढचे सारे राक्षसाच्या खाती जमा होते. क्रौर्य भयंकर करून दाखविण्याच्या भरात खलनायकास निर्दोष सोडून देण्याचा हा प्रकार विलक्षण आहे. छेदाची रेषाही सोयीची नाही. बंडखोर सख्ख्या भावास १५५६ साली आईच्या रदबदलीवरून क्षमा करून पुढे आजाराचे सोंग घेऊन त्यास कपटाने मारणारा नोबुनागा ओकेहाझामाच्या आधीचा आहे. उलट १५८० साली, दहा वर्षे झुंजलेल्या होंगानजी मठाशी सम्राटाच्या मध्यस्थीने तह करून त्याच्या प्रमुखास जिवंत जाऊ देणारा, त्याच्या पंथावर बंदी न घालणारा, जकातनाकी उठविणारा आणि १५७७ च्या आझुचीच्या सनदेने बाजार खुला करणारा नोबुनागा नंतरचा आहे, म्हणजे खेळाच्या हिशेबाने राक्षसाच्या कारकिर्दीतला. नवऱ्याच्या बाहेरख्यालीने त्रासलेल्या हिदेयोशीच्या पत्नीची समजूत घालणारे, हिदेयोशीस ‘टकला उंदीर’ म्हणणारे मिस्किल पत्रही त्याच काळातले.