३० एप्रिल : चुनी गोस्वामी स्मृतिदिन

२०२० : भारताच्या फुटबॉल संघाचे आणि मोहन बागान क्लबचे माजी कर्णधार सुबिमल ऊर्फ चुनी गोस्वामी यांचे वयाच्या ८२व्या वर्षी कोलकात्यात हृदयविकाराने निधन. भारतीय संघातील त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी महिन्यापूर्वीच, २० मार्चला गेले होते. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे चाहत्यांना लाडक्या कर्णधाराच्या अंत्यदर्शनाला गर्दी करता आली नाही. एरवी शहर लोटले असते, तिथे शोक घरोघरीच राहिला.

१५ जानेवारी १९३८ रोजी जन्मलेले गोस्वामी आठव्या वर्षी बागानच्या कनिष्ठ संघात आले आणि १९६८पर्यंत त्याच हिरव्या-मरून जर्सीत खेळले. १९६० ते १९६४ ते क्लबचे कर्णधार होते. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग त्या दिवशी आघाडीला खेळला आणि त्याने गोलही केला. १९६४च्या आशिया चषकात संघ उपविजेता ठरला.

क्रिकेटमध्येही त्यांनी बंगालचे नेतृत्व केले. १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांचा संघ मुंबईकडून पराभूत झाला.

अर्जुन पुरस्कार (१९६३) आणि पद्मश्री (१९८३) मिळवणाऱ्या गोस्वामींनंतर एशियाडमधील फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.