एका पेटीत दडलेली शंभर वर्षे

जुन्या फियाट मोटारीचा गिअरबॉक्स उघडणे म्हणजे केवळ बिघाड शोधणे नव्हे. त्या ओतीव पेटीत मोटारीच्या इतिहासाची निदान तीन पर्वे शेजारी शेजारी नांदत असतात. घराच्या पडवीत, जुन्या वर्तमानपत्रावर जो माणूस एकेक दंतचक्र सोडवून ठेवतो, तो नकळत एक इतिहासच उलट्या क्रमाने वाचत असतो. आज अशी मोटार सांभाळणारी घरे थोडी उरली आहेत आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून थोडे. म्हणून हा इतिहास एकवार नीट मांडून ठेवणे अगत्याचे वाटते.

मुळात मोटारीला गिअर हवेतच कशाला? पेट्रोल इंजिनाचा स्वभावच असा, की मंद फिरताना त्याच्या अंगी बळ नसते. वाफेचे इंजिन जागेवरूनच ओढू लागते. पेट्रोलच्या इंजिनाला आधी वेग हवा. तेव्हा इंजिनाला भरभर फिरू द्यायचे आणि चाकांना सावकाश, म्हणजे वेग देऊन बळ विकत घ्यायचे, हा गिअरचा सारा व्यवहार. बागायतीच्या विहिरीवरील रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दात्यांच्या चाकांनी फिरत्या गतीची दिशा आणि चाल कशी बदलता येते हे वेगळे सांगायला नको.

या गरजेची जाणीव प्रथम झाली ती एका गृहिणीला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या माहेरी, याच मोटारीने निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चर्मकाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. चढणीवर मात्र इलाज चालेना. मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली. परतल्यावर चढणीसाठी आणखी एक गिअर हवा, अशी सूचना त्यांनी पतीला केली. मोटारीची घरगुती दुरुस्ती ही मोटारीइतकीच जुनी आहे, हेही या प्रवासातून लक्षात येते.

पुढचे पाऊल फ्रान्समध्ये पडले. पानार आणि लव्हासोर या भागीदारांच्या कारखान्यात १८९१ च्या सुमारास इंजिन पुढे, त्यामागे क्लच व गिअर आणि मागील चाकांना गती, अशी मांडणी सिद्ध झाली. समांतर शाफ्टांवर लहानमोठी दंतचक्रे बसवायची आणि ती सरकवून हवी ती जोडी जुळवायची, ही त्यांची योजना. प्रारंभी ही चक्रे उघड्यावरच असत. धूळ, चिखल सारे दात्यांत जाई. १८९५ च्या सुमारास ती तेलाने भरलेल्या बंद पेटीत गेली. त्याच वर्षी एमिल लव्हासोर यांनी पॅरिस ते बोर्दो आणि परत, असे जवळजवळ १,१७८ किलोमीटर अंतर ४९ तासांहून थोड्या कमी वेळात जवळपास एकट्याने चालवून काटले आणि सरकत्या गिअरांची मजबुती जगाला पटली.

१८९८ साली लुई रेनो या २१ वर्षांच्या तरुणाने बियांकूर येथे कुटुंबाच्या बागेतील एका खोपटात आपली पहिली मोटार जुळवली. सर्वांत वरच्या गिअरमध्ये येणारा व जाणारा शाफ्ट एकमेकांना थेट जोडून टाकायचा, म्हणजे शक्ती दात्यांतून न जाता सरळ जाते आणि आवाज व झीज दोन्ही टळतात, ही त्याची कल्पना. पुढल्या वर्षी तिचे पेटंट झाले. आजही फियाट चौथ्या गिअरमध्ये शांतपणे धावते आणि दुसऱ्यात कण्हते, त्याचे मूळ त्या खोपटात आहे.

तरीही एक अडचण उरली. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत घालताना दाते करकरत. ते टाळायला चालकाने क्लच दोनदा दाबायचा, मधे इंजिनाची गती जुळवायची, असे कसब लागे. सगळे ज्ञान चालकाच्या पायात आणि कानात होते. १९२८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश अवतरले आणि हे ज्ञान यंत्रात उतरले. गिअर जुळण्याआधी एक निमुळते कडे शंकूच्या आकाराच्या भागावर घासते, त्या घर्षणाने दोहोंचा वेग सारखा होतो आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. योगायोग असा, की याच १९२८ साली या कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला.

आता आपल्या फियाटकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारी बाहेर पडल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना सुटे भाग येथेच घडवायचे आहेत त्यांनीच धंद्यात राहावे. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखानाही बंद झाला. त्याच १९५३ साली इटलीत दान्ते जाकोसा यांच्या देखरेखीखाली घडलेली नवी फियाट ११०० प्रकट झाली आणि वर्षभरातच कुर्ल्याला पोहोचली. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, ज्याला टॅक्सीवाले ‘हॅण्डगिअर’ म्हणत. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरला सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. म्हणून गाडी पुरती थांबल्याखेरीज पहिला गिअर टाकू नये, असे शिकवले जाई. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, १९७४ मध्ये तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. आतली पेटी मात्र बव्हंशी तीच राहिली.

परवान्यांच्या त्या काळात नवी मोटार नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटार मिळाली की ती टाकून देण्याचा विचारही कोणी करीत नसे. लग्नात नवरानवरीला आणणारी, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी ती गाडी घरातलीच एक होऊन जाई. इटलीत ज्या मोटारीचे उत्पादन १९६९ साली थांबले, ती मुंबईत नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत घडत राहिली. टंचाईने लादलेले हे दीर्घायुष्य होते, त्याचे उगाच गोडवे गाऊ नयेत. परंतु त्या टंचाईतूनच गल्लोगल्ली असे मेस्त्री तयार झाले, जे नुसत्या आवाजावरून पेटीचे दुखणे सांगत.

ते निदान आजही शिकण्याजोगे आहे. गाडी उभी, गिअर मोकळा, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर पुढच्या शाफ्टाचे बेअरिंग संशयित. गिअर टाकताना करकर होते, तर सिंक्रोमेशची कडी झिजली, नाहीतर क्लच पुरता सुटत नाही. वेग कमी करताना गिअर आपोआप निसटतो, तर अडकणाऱ्या दात्यांच्या कडा गोल झाल्या आहेत किंवा स्प्रिंग मेली आहे. मात्र पेटी उतरवण्याआधी हॅण्डगिअरच्या लांब सळ्या आणि त्यांचे बुश हलवून पाहावेत. अनेकदा दोष पेटीबाहेरच असतो.

पेटी काढायचीच झाली, तर गाडी केवळ जॅकच्या भरवशावर ठेवून खाली शिरू नये. भक्कम घोडे लावावेत. बॅटरीची तार सोडावी. तेल स्वच्छ भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटतात ते पोलादी दात्यांचे वा बेअरिंगचे कण. न चिकटणारी सोनेरी धूळ पितळी भागांची. मग मागचा लांब शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या सळ्या व क्लचची जोडणी सोडवावी. इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि पेटी सरळ मागे ओढावी. तिचा भार क्लचच्या चकतीवर लोंबकळला तर चकती वाकते.

उघडताना पेटीवर फडके धरावे, कारण गिअर जागी रोखणाऱ्या पोलादी गोळ्या स्प्रिंगच्या जोराने उडून दिसेनाशा होतात. प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, निघाला त्याच क्रमाने मांडावा आणि वहीत त्याचे चित्र काढावे. सिंक्रोमेशचे कडे शंकूवर दाबले असता मधे फट उरली पाहिजे. फट संपली की कड्याचे आयुष्य संपले. सीलबंद ठेवणारी गास्केटे व ऑइल सील दरवेळी नवीच घालावीत. पेटी बंद करण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवून चारही गिअर आणि रिव्हर्स पडतात का, हे पाहावे. शेवटी तेल. पितळी भाग असलेल्या जुन्या पेटीत आधुनिक, तीव्र गंधकयुक्त तेल घालू नये. ते पितळेला खाते.

मुंबईत नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. प्रदूषणाचा विचार करता तो नियम अन्यायाचा म्हणता येत नाही. पण टॅक्सींबरोबर त्यांच्यावर जगणारी सुट्या भागांची बाजारपेठ आटली आणि मेस्त्रींची विद्याही. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती गुरूच्या हाताखाली पाना धरून मिळे. बेर्था बेंझ यांची सूचना ऐकली गेली, रेनोची कल्पना पेटंटाच्या कागदावर उतरली, म्हणून ती टिकली. आपल्या गल्लीतील मेस्त्रीने चाळीस वर्षांत जे जाणले, ते कोणी विचारले नाही आणि कोणी लिहिले नाही.

ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी आच्छादनाखाली उभी आहे, त्यांनी पेटी उघडण्याआधी एक वही आणावी आणि ओळखीच्या वयोवृद्ध मेस्त्रीला घरी बोलवावे. गिअरबॉक्स नीट झाला तर उत्तमच. न झाला, तरी त्या वहीची पाने वाया जाणार नाहीत.