कोंबड्यांची सामाजिक उतरंड आणि नराची फलनक्षमता : एका प्रश्नाचा इतिहास

कळपातील फलित अंड्यांचे प्रमाण घटू लागले, की कुक्कुटपालकाचा संशय प्रथम नराच्या शरीराकडे वळतो. त्याचे वय, खाद्य, रोग आणि वंश यांची चौकशी होते. तो कोणाच्या सहवासात राहतो, हा प्रश्न मात्र शास्त्राने पुष्कळ उशिरा विचारला. या विलंबाचे कारण त्या शास्त्राच्या जडणघडणीतच सापडते.

नराच्या पुरुषत्वाचा प्रायोगिक अभ्यास देहापासून सुरू झाला. गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्थोल्ड याने १८४९ साली सहा कोवळ्या नरांवर प्रयोग केले. वृषणे काढलेल्या नरांचा तुरा खुंटला, त्यांचे आरवणे व झुंजणे मंदावले. ज्यांच्या उदरात वृषण पुन्हा बसविण्यात आले, त्यांची नरलक्षणे मात्र टिकून राहिली. वृषणाचा प्रभाव रक्तावाटे सर्व देहावर पडतो, असे अनुमान त्याने काढले. अंतःस्रावविज्ञानाचा हा एक आरंभबिंदू होय. परंतु त्यामुळे फलनक्षमता हा एकट्या नराचा शरीरधर्म मानण्याची दृष्टीही दृढ झाली.

दुसरी विचारधारा नॉर्वेतून आली. थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे याने १९२२ साली कोंबड्यांच्या कळपातील चोच मारण्याचा क्रम वर्णन केला. कोणी कोणाला टोचावे व कोणी निमूटपणे बाजूला व्हावे, हे प्रत्येक जोडीत ठरलेले असते, असे त्याने दाखविले. शिकागो विद्यापीठात वॉर्डर ॲली व त्याच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास प्रयोगशाळेत नेला. १९३९ साली त्यांनी माद्यांना नर-अंतःस्राव टोचला, तेव्हा त्यांपैकी काही कळपाच्या उतरंडीत वर चढल्या. अशा रीतीने देहाचा व समाजाचा अभ्यास प्रथमच एकत्र आला.

फलनक्षमतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९४५ साली. ॲल्फियस गुल, निकोलस कोलियास आणि ॲली यांनी व्हाइट लेगहॉर्न जातीच्या लहान कळपांतील मीलनव्यवहार पाहिला. वरिष्ठ नर कनिष्ठांच्या मीलनात अडथळा आणतो, इतकेच आढळले असते तर नवल नव्हते. परंतु दीर्घकाळ दबलेला एखादा नर वरिष्ठाच्या अनुपस्थितीतही मादीजवळ जाईनासा होतो, हे निरीक्षण अधिक महत्त्वाचे ठरले. या अवस्थेला ‘मानसिक खच्चीकरण’ असे नाव मिळाले. देह शाबूत, पण वर्तन निष्क्रिय, असा हा प्रकार होता.

मीलनांच्या संख्येवरून संततीची संख्या ठरत नाही, हा आक्षेप येथे शिल्लक राहतो. तो दूर करण्यासाठी गुल आणि डी. सी. वॉरन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आनुवंशिक लक्षणांचा उपयोग केला. नरांची दृश्य आनुवंशिक लक्षणे भिन्न असल्याने पिलाचा पिता ओळखता येत होता. वरिष्ठ नरांची पिले संख्येने अधिक भरली. कळपात दहा नर सोडले म्हणजे दहा पिते लाभले, हा हिशेब त्यामुळे कोसळला. यातून एक व्यावहारिक धोकाही उघड होतो. वरिष्ठ नर स्वतः वंध्य असेल, तर तो इतरांना रोखून कळपातील बरीच अंडी अफलित ठेवू शकतो. एकेकट्या नराचे रेत तपासून या धोक्याचे पूर्ण माप मिळत नाही.

निवासाच्या रचनेला महत्त्व येते ते येथेच. गादी पद्धतीच्या मोकळ्या घरात उतरंड दिवसभर कार्यरत असते. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत बरोज व क्विन यांनी उदरमर्दनाने रेत मिळविण्याची पद्धत मांडली. पुढे नरांना स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवून कृत्रिम रेतन करणे शक्य झाले. तेथे कोणत्या नराला संततीचा वाटा मिळावा, हे कळपाऐवजी माणूस ठरवितो. परंतु हा उपाय उतरंडीला बगल देतो, तिचे स्पष्टीकरण करीत नाही.

ते स्पष्टीकरण अलीकडच्या संशोधनाने पुढे नेले. टॉमासो पिझारी व टिम बर्कहेड यांनी २००० साली दाखविले की, मोकळ्या फिरणाऱ्या कळपातील माद्या कनिष्ठ नरांचे रेत मीलनानंतर बाहेर टाकतात. २००३ साली पिझारी व सहकाऱ्यांनी आणखी सिद्ध केले की, नर आपल्या शुक्राणूंची मात्रा स्वतःचा दर्जा, प्रतिस्पर्ध्यांची उपस्थिती आणि मादीची नवीनता यांनुसार बदलतो. म्हणजे सामाजिक परिस्थितीचा परिणाम मीलनाच्या संधीपुरता मर्यादित नाही. नर किती रेत देतो येथवर, आणि मादी त्याचे काय करते येथवर, तो पोहोचतो.

बेर्थोल्डने वृषणाचा प्रभाव देहभर पसरलेला दाखविला. त्यानंतरच्या दीड शतकाने त्या देहाभोवतीच्या समाजाचा प्रभाव रेतापर्यंत पोहोचलेला दाखविला. नराची फलनक्षमता सांगताना तो कोणत्या घरात व कोणाबरोबर राहतो हे न सांगणे, म्हणजे अर्धेच मोजमाप देणे होय.